लाँग ट्यूब हेडर बसवल्यापासून ओ2 सेन्सरचे कोड, लीन म्हणतंय पण स्पार्क प्लग काळे, काय भानगड आहे?

डॅलसकर_व्ही8:
नमस्कार मंडळी. गाडी 2007 ची मस्टँग जीटी, 4.6 लिटर 3 व्हॉल्व्ह व्ही8, मॅन्युअल. मागच्या वीकेंडला मित्राच्या गराजमध्ये स्टँडवर चढवून लाँग ट्यूब हेडर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे लांब पाईप) बसवले, त्यापुढचा मिड पाईप कॅटवालाच (धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर) घेतलाय, कॅट उडवलेले नाहीत. ओ2 सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे) जुनेच ठेवले, फक्त वायर पुरेना म्हणून एक्स्टेन्शन लावलं. स्टार्ट केली तर पहिलं मिनिटभर इतकी सुंदर चालली की बायको खाली बघायला आली, आणि मग हळूहळू आयडल डगमगायला लागलं, पेट्रोलचा वास यायला लागला आणि चेक इंजिन लागला. आधी पी0171 म्हणजे बँक 1 (व्ही8 ची एक बाजू) लीन, पेट्रोल कमी, आणि पी0175 म्हणजे बँक 2 (दुसरी बाजू) रिच, पेट्रोल जास्त, आणि परवा त्यात पी0420 म्हणजे कॅट नीट काम करत नाही, तो पण आला. बँक 1 चा पुढचा (कॅटच्या आधीचा) सेन्सर नवीन घेऊन टाकला, काडीचा फरक नाही. मग त्याच बाजूचे दोन प्लग काढून बघितले (मागच्या वर्षी वन पीसवाले टाकलेत त्यामुळे निघाले नीट) तर काजळी धरलीय. लीन असताना प्लग काळे कसे होतील? पुढच्या महिन्यात एमिशन टेस्ट आहे, खूप टेन्शन आलंय, ही गाडी मी सात वर्षं पैसे साठवून घेतलीय.

नागपूरकर_मिशिगन:
लीन कोड आणि काळे प्लग एकत्र येऊ शकतात, त्यात जादू काही नाही. हेडरच्या फ्लँजला किंवा कलेक्टरला सेन्सरच्या आधी लीक असेल तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणकाला वाटतं मिश्रण लीन आहे, तो पेट्रोल वाढवत जातो आणि प्लग काळे. सेन्सर बिचारा खरंच सांगतोय, हवा तिथे आहेच. गॅस्केट नवीन असलं तरी दोन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर बोल्ट सैल होतात, ते परत कसलेस का? व्हॅक्यूम क्लीनर उलटा करून टेलपाईपमधून हवा भर आणि थंड इंजिनवर सगळीकडे साबणाचं पाणी मार, बुडबुडे दिसतील.

बारा_चौदा_पाना:
नागपूरकर दादांचं लीकचं बरोबर आहे, पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. लीकमुळे बँक 1 लीन दिसेल, मग त्याच वेळी बँक 2 रिच कशाला दिसेल? एक बाजू पार लीन आणि दुसरी पार रिच, आणि तेही हेडर बसवल्याबरोबर, म्हणजे मला तर दोन्ही बाजूंचे पुढचे सेन्सर एकमेकांच्या कनेक्टरला लागलेत असंच वाटतं. एक्स्टेन्शन लावलं की चारही कनेक्टर गिअरबॉक्सपाशी लोंबतात आणि खाली झोपून लावताना डावं-उजवं उलटं होतं, मी स्वतः केलंय हे.

आता बघ होतं काय. फोर्डमध्ये बँक 1 म्हणजे पॅसेंजर साईड, सिलिंडर 1 ते 4 (शेव्हीवाल्या मित्राला विचारू नकोस, त्यांच्या व्ही8 मधे बँक 1 ड्रायव्हरकडे असते). संगणक बँक 1 ला पेट्रोल वाढवतोय, पण उत्तर मात्र बँक 2 चा सेन्सर देतोय, जिथलं पेट्रोल तो कमी करत चाललाय. म्हणून त्याला बँक 1 अजूनच लीन दिसते, अजून वाढवतो, तिकडे अजून कमी करतो, आणि दोन्ही ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो तो आकडा) शेवटच्या टोकाला जाऊन अडकतात. पहिलं मिनिटभर छान चालते कारण सेन्सर गरम होईपर्यंत गाडी ओपन लूपमध्ये असते, म्हणजे सेन्सरचं ऐकतच नाही. आणि म्हणूनच कोड जिला लीन म्हणतोय तीच बाजू खरोखर रिच आहे! प्लग खरं बोलतायत.

नवीन काही विकत घेऊ नकोस आता. साधा ईएलएम 327 स्कॅन अडॅप्टर लाव, त्यावर फोरस्कॅन किंवा दुसरं स्कॅन ॲप चालव, पॅसेंजर साईडच्या हेडरमधल्या सेन्सरचा कनेक्टर काढ आणि लाईव्ह डेटात कुठल्या बँकेचं व्होल्टेज हलायचं थांबतं ते बघ. बँक 2 चं थांबलं तर विषय संपला. तोपर्यंत गाडी दामटू नकोस रे, दुसरी बाजू खरंच लीन चालतेय आणि व्ही8 फुल थ्रॉटलला लीन म्हणजे पिस्टनशी खेळ आहे. पी0420 ची चिंता नंतर कर, न जळलेलं पेट्रोल कॅटमधे गेलं तर तो कोड येऊ शकतो.

पुणे_पिस्टन:
माझ्याकडे स्विफ्टला 4-2-1 हेडर आहे, एकच बँक त्यामुळे हा घोळ नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, एक्स्टेन्शनला सोल्डर केलं असेल तर बघ, या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरना ती वायरच्या तारांमधूनच मिळते, सोल्डरने वाट बंद होते, म्हणून क्रिंपच करायचं. दुसरं, फ्लँजला साधं सिलिकॉन लावलं असेल तर त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. माझ्या एका गॅरेजवाल्याने न विचारता लावलं होतं, दोन महिन्यात सेन्सर गेला.

डॅलसकर_व्ही8:
पाना दादा, पाया पडतो! पॅसेंजर साईडचा कनेक्टर काढला आणि बँक 2 ची रेघ सपाट. ट्रिम +25 आणि -25 ला चिकटले होते. कनेक्टर अदलाबदल केले, संगणकाचं जुनं शिकलेलं सगळं पुसलं, दहा मिनिटात आयडल घड्याळासारखं. पण बँक 2 आयडलला +9 आणि 2500 आरपीएमला +2 दाखवत होती, म्हणून नागपूरकर दादांचं साबणाचं पाणी मारलं तर सिलिंडर 8 च्या फ्लँजला बुडबुडे, मागचा बोल्ट सैल होता, खालून युनिव्हर्सल जॉइंट लावून कसला. आता दोन्ही बाजू 3 च्या आत आहेत. एक्स्टेन्शन क्रिंपचंच आहे, सिलिकॉन नाही.

पी0420 अजून परत आला नाहीये, पण कॅटचा मॉनिटर (संगणकाची स्वतःची कॅट तपासणी) पण रेडी, म्हणजे पूर्ण, झाला नाही. रोज ऑफिसला हायवेने नेतोय, रेडी झाला की इथे सांगतो.

नागपूरकर_मिशिगन:
मॉनिटर रेडी झाल्याशिवाय टेस्टला नेऊ नकोस, आणि मधे कोड क्लिअर करू नकोस, नाहीतर पहिल्यापासून. कॅट आता इंजिनपासून लांब गेलाय, गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे एकसारख्या स्पीडने वीस-पंचवीस मिनिटं चालव. आणि तरी आलाच पी0420 तर मागच्या सेन्सरचा ग्राफ इथे टाक, पुढच्यासारखा वरखाली नाचतोय का ते बघू.