व्हिएतनामला चाललोय, पैसे कसे नेऊ आणि २४ जणांना काय आणू?

धांदरट_पुणेकर:
पुढच्या महिन्यात मी, बायको आणि आई व्हिएतनामला चाललोय, हनोई, होई आन आणि शेवटी हो चि मिन्ह सिटी, ८ दिवस. तिकिटं, हॉटेलं झाली, आता घोडं अडलंय ते पैशांवर. कॅम्पात एका ठिकाणी डाँगचा, म्हणजे तिकडच्या चलनाचा, भाव विचारला आणि ऐकून मुकाट्याने बाहेर आलो. मग डॉलर न्यायचे का फॉरेक्स कार्ड (परदेशी पैसे आधीच भरून ठेवलेलं), का आपलं नेहमीचं डेबिट कार्ड चालेल? आणि दुसरं म्हणजे आईने यादी केलीये, २४ माणसं, त्यात सोसायटीतल्या ५ जणी आणि भिशीवाल्या वेगळ्या. बायको म्हणते सगळ्यांना फ्रिज मॅग्नेट दे आणि मोकळा हो, आई म्हणते एवढं विमानाने जाऊन मॅग्नेट? भेटवस्तूंचं बजेट १० हजार रुपये, त्यावर एक छदाम नाही.

निळी_सायकल:
डॉलरच न्या, आणि १०० च्याच नोटा घ्या, लहान नोटांना तिकडे भाव कमी देतात. नोटा कोऱ्या हव्यात, घडी पडलेली किंवा पेनाने काही लिहिलेलं असेल तर नाकं मुरडतात, त्यामुळे इथे घेतानाच काउंटरवर उभं राहून एकेक नोट बघा, मागे रांग असली तरी. तिकडे बँकेत किंवा परवाना असलेल्या काउंटरवरच बदला, सोन्याच्या दुकानात भाव चांगला मिळतो असं लोक सांगतात पण सगळ्यांकडे परवाना नसतो. थोडं थोडं बदला, उरलेले डाँग परत आणून इथे कोण घेणार?
कार्ड जवळ असू द्या पण बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्यावर जीएसटी. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करून ठेवा, तो बहुधा बंदच असतो. आणि मशीनने विचारलं की रुपयांत घेऊ का डाँगमध्ये, तर डाँगच दाबा. रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, पण तो दर मशीनवाले लावतात आणि तो महाग पडतो.

कोथरूडची_काकू:
डाँगच्या नोटांचं कोणी सांगितलंच नाही अजून!! २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाची पण निळीच, मी हनोईत शहाळं घेतलं, घाईत नोट दिली, सुट्टे मिळाले ते पर्समध्ये टाकले आणि रात्री हॉटेलवर हिशोब करायला बसले तेव्हा कळलं की ७० रुपयांच्या जागी सतराशे देऊन बसलेय. आमच्या ह्यांनी अजून ते शहाळं सोडलेलं नाही, कुठेही नारळवाला दिसला की विषय निघतो. त्यामुळे ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. हिशोब सोपा आहे, शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं, रुपये येतात साधारण.
आणि थोडे रुपये पण जवळ ठेवा हो, मुंबईला उतरून पुण्याला यायचं असेल तर टॅक्सी आणि फूड मॉलचा वडापाव डाँगमध्ये मिळत नाही.

चहाबाज:
भेटवस्तूंचं मी सांगतो. कॉफीचा फिन घ्या, म्हणजे कपावर ठेवायचा छोटा फिल्टर, ॲल्युमिनियमचा साधा शेदीडशे रुपयांत बसतो, सोबत कॉफीचं छोटं पाकीट. तिकडची कॉफी बहुतेक रोबस्टा असते, कडक आणि कडू, कंडेन्स्ड मिल्क घालून पितात, हे भिशीत सांगायला पण बरं. मांजरासारख्या प्राण्याच्या पोटातून आलेल्या बियांची कॉफी म्हणून स्वस्तात विकतात ती घेऊ नका, बहुतेक नकली असते. होई आनला रेशमी कंदील घ्या, छत्रीसारखे मिटतात, बॅगेत सपाट बसतात आणि दिवाळीत गॅलरीत लावता येतात, आईंचा आकाशकंदिलाचा खर्च पण वाचेल. शंकूच्या टोप्यांच्या नादी लागू नका, विमानात मांडीवर घेऊन बसावं लागतं, अनुभव आहे. फिश सॉस तर नकोच, बाटली फुटली तर बॅगच टाकावी लागेल (आणि शाकाहारी आत्याला काय सांगणार).
भाव करायचा तो हो चि मिन्हच्या बेन थान मार्केटात, तुळशीबागेची सवय तिथे कामाला येते, मी निम्म्यापासून सुरू केलं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडे भवानी असते ना, तशी त्यांच्याकडेही सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला फार महत्त्व, घासाघीस करून काहीच न घेता गेलात तर दिवसभराचा अपशकुन समजतात. सकाळी गेलात तर घ्यायचं असेल तरच बोला.

धांदरट_पुणेकर:
सगळ्यांचे खूप आभार, फिन आणि ४ कंदील फायनल, मॅग्नेट फक्त ऑफिससाठी. काकू, निळ्या नोटांचं बायकोला वाचून दाखवलं, पाकीट आता तिच्याकडे असणार आहे म्हणे. आईला भवानीचं सांगितलं तर ती म्हणाली मग आपण दुपारीच जाऊ, मला दोन तास भाव करून काही न घेताही निघता आलं पाहिजे.