सैतानाचा खूर कुठे हरवला? (‘हाऊस कारपेंटर’बद्दल एक प्रश्न)

रातकिडा:
परवा रात्री भांडी घासत होतो आणि यूट्यूबने आपोआप अमेरिकन गायक क्लॅरेन्स अ‍ॅशलीचं १९३० चं ‘द हाऊस कारपेंटर’ लावलं. बॅन्जो आणि एकदम कोरडा आवाज, जणू कोणी बाजाराची यादी वाचतोय. गोष्ट अशी की बाईचा जुना प्रियकर समुद्रावरून परत येतो, तोवर तिचं लग्न एका सुताराशी झालेलं असतं, पदरात पोर असतं, तो म्हणतो चल, ती बाळाचा मुका घेते आणि जाते, मग दोन-तीन आठवड्यांत रडारड आणि जहाजाला भोक पडून सगळे तळाला. हात साबणाने भरलेले तसाच उभा राहिलो.

आता प्रश्न. जिथे वाचावं तिथे याला सैतानाचं गाणं म्हणतात, फ्रान्सिस चाइल्ड नावाच्या अभ्यासकाने जमवलेल्या ३०५ बॅलड्समध्ये (म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांत) याचा नंबर २४३ आणि नावातच ‘डीमन लव्हर’, म्हणजे सैतान प्रियकर, आहे. पण मी तीनदा ऐकलं, सैतान कुठेच नाही, ना त्याचा खूर! एक खलाशी आहे फक्त. मला काही कळत नाहीये की हे असंच आहे?

तांडेल:
अरे तो होता, वाटेत गळाला. हे गाणं छापण्याची सगळ्यात जुनी नोंद १६५७ ची, लंडनमध्ये एकेक पानाची गाणी विकायचे त्यातलं. त्यात बाई इंग्लंडातल्या प्लिमथजवळची, जेन रेनॉल्ड्स. जेम्स हॅरिस नावाच्या खलाशाला वचन दिलेलं, त्याला जबरदस्तीने जहाजावर भरती करून नेतात, तो मेल्याची बातमी येते, ही सुताराशी लग्न करते, तीन मुलं होतात. मग एका रात्री ‘हॅरिस’ खिडकीशी येतो. तो माणूस नसून आत्मा आहे हे त्यात सरळ सांगितलंय, आणि शेवटी बिचारा सुतार गळफास घेतो. पण खूरबीर तिथेही नाहीच.

खूर दिसतो लेखक वॉल्टर स्कॉटने आपल्या लोकगीतांच्या संग्रहाच्या १८१२ च्या आवृत्तीत छापलेल्या स्कॉटिश पाठात. जहाज जेमतेम तीन कोस गेलेलं असतं आणि तिला त्याचा बकरीसारखा चिरलेला पाय दिसतो. मग लांबवर ऊन पडलेल्या टेकड्या दिसतात, ती विचारते ह्या कसल्या, तो म्हणतो स्वर्गाच्या, तिथे तू पोचणार नाहीस. शेवटी एक डोलकाठी हाताने, दुसरी गुडघ्याने हाणून तो जहाजाचे दोन तुकडे करतो. स्कॉटला हे ज्याने पाठवलं त्याने पदरची चार कडवी घातली होती म्हणे, पण घातली तर घातली, अंगावर काटा येतो ना.

मग हे गाणं लोकांबरोबर अमेरिकेत गेलं आणि खूर गायब.

सुगरण_नव्हे:
मला तर खूर नसलेलंच जास्त भीतीदायक वाटतं. खूर दिसला की सुटका असते, सैतान होता बाई, तिचा काय दोष. अमेरिकन पाठात ती सोय नाही.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. निघण्याआधी ती त्याला विचारते की मला पोसशील कशावर! म्हणजे आपल्याकडे मुलगा बघायला आल्यावर पगार विचारतात तसंच. मग तो जहाजं मोजून दाखवतो, सात जहाजं समुद्रात आहेत आणि आठव्यातून आलोय, चोवीस खलाशी, वर गाणंबजावणं. पण मुळात तो अनोळखी नाही, जुना शब्द घेऊन आलाय, म्हणून दार उघडलं जातं. नुसत्या सोन्यासाठी कोण बाळाला टाकून जाईल.

अमेरिकन ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या १९३७ च्या ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’मध्ये पण तेच, पहाटे दारावर थाप आणि गाणारा म्हणतो या, निघायची वेळ झाली वाटतं. उधारीवाला आल्यासारखं. (ते जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याचं प्रकरण लोक ‘क्रॉस रोड ब्लूज’ला चिकटवतात, त्या गाण्यात सैतान नाहीच, तो देवाला दया कर म्हणतोय आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करतोय.)

रोलिंग स्टोन्स बँडच्या १९६८ च्या ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’मध्ये मात्र बाईच काढून टाकली. सैतान स्वतः गातो, अगदी शिष्टाचाराने ओळख करून देतो, आणि मागे ते हू-हू चालू असतं त्यात आपणही कधी सामील झालो कळत नाही. जहाजात आपणच की.

भारूडवाला:
थोडं अवांतर. आपल्याकडच्या गोष्टींत झपाटणारं भूत बऱ्याचदा बाई, हडळ वगैरे, आणि झपाटला जाणारा पुरुष. पण नाथांचं भुताचं भारूड ऐका, तिथे सगळं उलटंच. लिंबू, नारळ, कोंबडा, सगळे उतारे करून झाले तरी भूत जात नाही, कारण ते भूत म्हणजे देव. भाषा मात्र शंभर टक्के झपाटल्याची. तुमच्या त्या सुताराच्या बायकोला हे भूत लागलं असतं तर घर तरी राहिलं असतं, असं म्हणणार होतो, पण ध्रुवाला तेच लागलं आणि तो रानात जाऊन उभा राहिला!

रातकिडा:
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. काल बॉब डिलनने गायलेलं हेच गाणं पण ऐकलं, १९६१ मध्ये रेकॉर्ड केलेलं आणि बाहेर आलं थेट १९९१ ला. गाण्याआधी तो स्वतःच सांगून टाकतो की ही समुद्रातून परत आलेल्या भुताची गोष्ट आहे. म्हणजे शब्दांत राहिलं नाही तरी गाणाऱ्याला माहीत होतं!

अजून एक शंका, काही अमेरिकन गायक ‘स्वीट विली’च्या काठावर नेतो म्हणतात, ही कुठली नदी? मॅपवर सापडेना.

तांडेल:
नदी नाही रे, इटली आहे ती. स्कॉटच्या पाठात तो रडणाऱ्या बाईला म्हणतो गप्प बस, इटलीच्या काठी लिली कशा फुलतात ते दाखवतो. डोंगरात गाणाऱ्यांनी इटली कशाला बघितलीय, तोंडातोंडी झालं विली.