मदत हवी आहे: मातीच्या रेससाठी रोजच्या गाडीचं सस्पेन्शन

मंडळी, रोजच्या वापरातली हॅचबॅक हौशी मातीच्या रेसमध्ये उतरवायची आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळ घेणारा आडवा दांडा). महागडं कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) परवडणार नाही.

भुसभुशीत वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच जाते, पुढची चाकं नुसती माती ढकलत राहतात. खड्ड्यात मागचे बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे रबर) ठाणकन आपटतात आणि मागचा भाग उडतो.

गॅरेजमध्ये स्प्रिंगा कापायचा सल्ला मिळाला, तो मला अजिबात पटत नाही. गाडी खाली बसली की सस्पेन्शनची हालचाल कमी होते, आणि मातीवर नेमकी तीच हवी. स्प्रिंग तापवणं तर नकोच, पोलादाचा कस जातो.

त्यापेक्षा मागे जास्त भाराच्या मॉडेलच्या कडक स्प्रिंगा टाकून पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) खोलून ठेवावा म्हणतो, म्हणजे पुढची चाकं वळणात पकड धरतील. तो बार चाकाच्या खालच्या आर्मला धरून ठेवत नाही, म्हणजे काढला तरी चाक जागेवर राहील, हे खाली वाकून नीट पाहिलंय.

पण जुने शॉकअप या स्प्रिंगांचा रिबाउंड (दबून परत उसळणं) आवरतील का? की आधी पैसे शॉकअपवरच घालावेत? आणि हीच गाडी पावसात डांबरी रस्त्यावरही चालवायची आहे. वळणात मागून घसरण्याची भीती कितपत? असं कुणी केलं असेल तर टायरचं प्रेशरही सांगा.