आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय, घरगुती उपाय सांगा (जरा लवकर)

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय. सकाळी चूळ भरली की पाणी लाल. हिरड्या सुजल्यात, तोंडाला वास येतो, दुखत मात्र काही नाही. गावातल्या डॉक्टरांनी बघून "सुरुवात आहे, सफाई करून घ्या" एवढंच सांगितलं. आई सफाईला तयार नाही. मलाही सध्या हलायला सवड नाही, द्राक्षाचा माल तोडणीला आलाय, व्यापारी रोज येऊन ब्रिक्स (मण्यातली गोडी) बघून जातोय. घरच्या घरी काय करता येईल ते सांगा. "डेंटिस्टकडे जा" हे ऐकायला धागा काढलेला नाही.

हळदीचं_पेव
एकदम सोपं आहे. हळद, सैंधव आणि चार थेंब मोहरीचं तेल, बोटानं हिरड्यांना चोळायचं. हळद पाकिटातली नको. सांगलीच्या बाजारातून राजापुरी हळकुंडं आणा आणि गिरणीत दळून घ्या. 2018 साली आपल्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो उगाच नाही.

वर्धेकर
हळदच लावायची तर वायगावची लावा. कुरकुमिन, म्हणजे हळदीतला गुणाचा पिवळा घटक, तिच्यात जास्त. आमचा जीआय तुमच्या आधीचा आहे.

मिरजकरीण
हळदीचं भांडण बाजूला ठेवा. बागायतदार, आईंचं वय किती? साखर आहे का? बीपीची, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ब्रश कसला वापरतात? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. (मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही.)

बागायतदार_तासगाव
वय 58. साखर नाही. बीपीची एक पांढरी गोळी आहे. ब्रश वगैरे नाही, बोटानंच घासते, आमच्याकडच्या सगळ्या बायका घासतात तशी. उपाय सांगा की.

तेलगुळणी
रोज सकाळी अनशापोटी तिळाच्या तेलाची गुळणी. तोंडात दहा मिनिटं धरायची, मग थुंकायची. आयुर्वेदात याला गंडूष म्हणतात. माझ्या हिरड्या दगडासारख्या झाल्यात. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत, त्यांचं दुकान बंद होईल ना.

मिरजकरीण
तेलानं नुकसान नाही, करायची तर करा. पण दाताला चिकटलेलं किटण तेलानं निघत नाही.
बागायतदार, "साखर नाही" म्हणजे तपासली होती का? आणि गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर काहीजणांच्या हिरड्या त्यानंही वाढतात. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं. आणि बोटानं घासतात ते कशानं? पेस्ट, राखुंडी, की मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड)?

बागायतदार_तासगाव
साखर तपासलेली नाही, पण तसा त्रास काहीच नाही तिला. गोळी बघतो. मिश्रीच हो, दुसरं काय असणार. म्हणजे होती. संक्रांतीला सोडली, नातीनं शपथ घातली म्हणून. आणि सोडल्यापासूनच हे रक्त सुरू झालंय. आई म्हणते, मिश्री होती तवर दात घट्ट होते, एक थेंब रक्त आलं नाही, मी परत लावते. माझंही डोकं चालेना झालंय.

कराडचा_पाव्हणा
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून ब्रिक्स काय सांगत बसलाय!

शिराळकर
आमची आजी चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं काळी पडेपर्यंत भाजायची, मग कुटून फडक्यातून चाळायची. सगळी आळी खोकायची. पितळेची डबी कमरेला खोचलेली असे. दुपारी बायका जमल्या की आधी डबी फिरायची, मग गप्पा.

कराडचा_पाव्हणा
टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, आणि घरोघरी तव्यावर हा कारखाना चालू.

मिरजकरीण
आता नीट लिहिते. बागायतदार, हे आईंना वाचून दाखवा.

मिश्री सोडल्यानं हिरड्या बिघडल्या नाहीत, आधीच बिघडलेल्या होत्या. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत सूज असली तरी रक्त दिसत नाही. तंबाखू सुटली की रक्तपुरवठा पूर्ववत होतो आणि झाकलेलं बाहेर येतं. सिगारेट सोडणाऱ्यांच्या बाबतीतही हेच होतं, काही आठवडे रक्त जास्त येतं. परत मिश्री लावली तर रक्त थांबल्यासारखं वाटेल आणि आतून हाड झिजत राहील. आज हिरडीपुरतं आहे तोवर ते पूर्ण बरं होतं. हाडापर्यंत गेलं की गेलेलं हाड परत येत नाही.

घरी करायचं ते असं. अगदी मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश आणा, लहान मुलांचा आणला तरी चालेल. जन्मात ब्रश धरलेला नाही, तेव्हा पहिल्यांदा आरशासमोर तुम्ही शेजारी उभे राहा. ब्रश दातावर सरळ ठेवायचा नाही. दात आणि हिरडी जिथं मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलका हलवायचा, मग पुढचे दोन दात. बोटानं घासणाऱ्यांच्या खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू कायम राहून जाते, किटण सगळ्यात जास्त तिथंच असतं. दोन वेळा, दोन दोन मिनिटं, आणि रात्रीचं चुकवायचं नाही. सुरुवातीला रक्त येईल. रक्त आलं म्हणून ब्रश टाकून देणं हीच सगळ्यांची खोड. नीट घासलं तर साधारण दोन आठवड्यांत कमी व्हायला लागतं. जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा.

मेडिकलवाला क्लोरहेक्सिडिनचं 0.2 टक्क्याचं औषध देईल. ते दोन आठवड्यांच्या वर चालवू नका, दात तपकिरी होतात, चव जाते. पेस्ट लावल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

हे सगळं मऊ थरासाठी. कडक झालेलं किटण ब्रशनं, मिठानं, हळदीनं, कशानंच निघत नाही. ते एकदा काढून घ्यावंच लागतं.

कराडचा_पाव्हणा
आमच्या चुलत्याचे दात सफाईनंतरच हलायला लागले. आधी ठणठणीत होते. त्यामुळे सफाई जपून.

मिरजकरीण
ठणठणीत नव्हते, किटणानं एकमेकांना धरून ठेवले होते. जुन्या भिंतीला पिंपळाच्या मुळ्यांनी आवळून धरावं तसं. मुळ्यांनीच भिंत पोखरलेली असते. किटण काढल्यावर फटी दिसतात आणि थोडे दिवस गार पाणी झोंबतं, एवढं खरं आहे.

हळदीचं_पेव
म्हणजे हळदीचा काहीच उपयोग नाही असं म्हणायचंय का? पिढ्यान्‌पिढ्या लोक काय वेडे होते?

मिरजकरीण
सुजेला थोडा उतार पडतो हळदीनं. पण बोटानं चोळायची सवय परत नको, त्या बोटामागोमाग डबी येते.

सातारी_कंदी
अवांतर, पण इथं माहितगार आहेत म्हणून विचारतो. वडिलांची एक दाढ काढलीय, इम्प्लांट करावं की ब्रिज?

शिराळकर
वेगळा धागा काढा हो.

बागायतदार_तासगाव
गोळीवर अ‍ॅम्लोडिपिनच लिहिलंय. मिश्रीचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाईनं लिहिलंय व्हय? मग खरं आसंल." परत लावणार नाही म्हणतेय, सफाईचं मात्र माल गेल्यावर बघू.

मिरजकरीण
माल गेल्यावर चालेल, पण एक काम आज रात्रीच करा. मोबाईलची बॅटरी लावून आईंचं तोंड आतून बघा. गालाच्या आत, ओठाच्या आत, मिश्री दाबून धरायच्या त्या जागी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, गाठ, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर द्राक्षं राहू देत, दुसऱ्या दिवशी दाखवा. दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल तरीही थांबू नका. बाकी काही नसलं तर तोडणी उरका. साखर मात्र या आठवड्यात गावातच तपासा. साखर वाढलेली असली तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत.

सफाईला तुमच्या वाटेवरच कवलापूरला डेंटल कॉलेज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. कॉलेजात वेळ जास्त जातो, पैसे कमी. जाताना बीपीच्या गोळीचं पाकीट न्या.

तेलगुळणी
शेवटी डेंटिस्टकडेच पाठवलंत. धागा कशासाठी काढला होता?

बागायतदार_तासगाव
आतून बघितलं. चट्टा, जखम काही दिसली नाही, तोंड नीट उघडतं. ब्रश आणलाय. आई म्हणते ब्रश चालेल पण पेस्ट तिखट लागते, थुंकून टाकते. बिनतिखट पेस्ट कुठली?

मिरजकरीण
मिश्री सोडलेल्या बायकांची हीच तक्रार असते. पुदिना नसलेली, फ्लोराइड असलेली बघा, वाटाण्याएवढीच घ्यायची. तीही नको म्हणाल्या तर पहिले काही दिवस नुसत्या पाण्यानं घासू द्या. आधी हात बसू दे, पेस्ट मागाहून.