बुलेटची ट्राइक (तीनचाकी) बनवतोय, मागे १२ इंची रिमची चाकं टाकू की १५ ची?

बुलेटवाला_चेंबूर:
मंडळी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादाला सिग्नलला जड गाडी पायावर तोलता येत नाही आणि बुलेट विकायचं नाव काढलं की तो जेवणाच्या ताटावरून उठतो, म्हणून ट्राइक करायचं चाललंय. जुनी ३५० आहे, मागे ३.२५-१९ चा टायर. पुढचं सगळं तसंच ठेवून मागे डिफरेन्शियलवाला (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) ॲक्सल आणि कारची दोन चाकं. फॅब्रिकेटर म्हणतो आल्टोची १२ ची टाका, कुर्ल्याला सीएसटी रोडला सेकंडहँड मिळतील. दादाला पाहिजेत १५ चे अलॉय आणि रुंद १९५ चे टायर. मला वाटतं १५ ने पिकअप मरेल. वापर चेंबूर-दादर, कधीतरी अलिबाग नाहीतर लोणावळा. साइज नेमकी काय बघून ठरवायची?

गॅरेजकाका:
रिमच्या आकड्यावर जाऊ नका, टायरसकट चाकाची उंची काढा, इंजिनाला रिम दिसत नाही. आल्टोचा १४५/८० आर १२ घ्या. रुंदी १४५ मिमी, साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, तिच्या ८० टक्के म्हणजे ११६, ती वर-खाली दोनदा, अधिक १२ इंचाचे ३०५, झाले ५३७ मिमी. तुमचं १९ चं चाक साधारण ६५० भरतं. म्हणजे चेन आणि ॲक्सलचा मिळून रेशो पहिल्याएवढाच ठेवला तर गिअरिंग १७ टक्के खाली येतं, ज्या आरपीएमला आधी ७० ने जायची तिथे आता ५८. शहरात वजनदार ट्राइकला हे बरंच आहे, पण पनवेल सोडलं की इंजिन बोंबलत राहणार. आता दादांचा १९५/६० आर १५ काढा, ६१५ येतो, म्हणजे मूळच्या चाकापेक्षा लहानच! पिकअप मरेल ते वाढलेल्या वजनाने, त्यात त्या १५ चा दोष नाही. आणि गंमत बघा, १५५/६५ आर १३ ची उंची ५३२, रिम मोठी आणि चाक १२ वाल्यापेक्षा चिमूटभर बुटकं.

पावसाळी_रायडर:
काकांचं गणित बरोबर पण १९५ टाकू नका हो. कारचं वजन असतं म्हणून तो टायर पाणी कापतो, ट्राइकला मागे प्रत्येक चाकावर कारच्या निम्मंही वजन येणार नाही, मग सायनला पाणी साचलं की रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागतो. दुसरं म्हणजे खड्डे. बाइकवर एक रेघ सांभाळली की झालं, ट्राइकच्या तीन रेघा, पुढचं चाक वाचवलं की मागचं एखादं पडतंच, त्यामुळे साइडवॉल उंच पाहिजे. माझं मत १६५/८० आर १४, जुन्या स्विफ्टच्या बेस मॉडेलला यायचा तो. उंची ६२०, म्हणजे १५ वाल्याएवढीच, साइडवॉल ११७ च्या जागी १३२, टायर अरुंद. फक्त पीसीडी बघा, म्हणजे चाकाचे बोल्ट किती आणि ते किती मिमीच्या वर्तुळावर बसतात ते, आल्टोचा ४ बाय ११४.३ आणि स्विफ्टचा ४ बाय १००, हबला बसणार नाही ती रिम घेऊन घरी याल.

आरटीओचा_फेरा:
टायर नंतर, आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. दिव्यांगांसाठी अडॅप्टेड व्हेइकल म्हणून नोंदवायची सोय आहे, दादांचं प्रमाणपत्र असेल तर कापाकापीच्या आधी आरटीओत जाऊन या. नंतर गेलात तर भंगारात घालायला ट्राइक तयार.

बुलेटवाला_चेंबूर:
प्रमाणपत्राचं चालूच आहे, सोमवारी जातो. १४ पटतंय पण दादा म्हणतो १६५ म्हणजे मागून सायकल दिसेल. आणि हवा किती भरायची, कारएवढीच?

गॅरेजकाका:
छे, कारएवढी भरली तर टायर मधोमधच टेकणार, पकड नाही आणि पाठीचा भुगा. टायरवर खडूने आडवा पट्टा मारा, सपाट रस्त्यावर थोडी चालवा, पट्टा मधेच पुसला तर हवा कमी करा, कडांनाच पुसला तर वाढवा. लोडचं टेन्शन नको, आल्टोच्या टायरवर ७४ लिहिलेलं असतं म्हणजे एकटा ३७५ किलो घेतो, १४ वाला त्याहून जास्त. मागे चाक जितकं बुटकं तितकी शेपूट खाली बसते, पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि हँडल जड, ट्राइकला ते आधीच जड असतं, म्हणून ॲक्सलची माउंटिंग वेल्ड करायच्या आधी चाकं आणून लावून बघा. गिअरिंग थोडं चुकलं तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलता येतं, १७ दातांचं असेल तर एक दात म्हणजे जवळपास ६ टक्के. आणि ॲक्सल ओम्नीचा घेणार असाल तर थांबा, त्याला ताकद गाडीच्या लांबीत जाणाऱ्या शाफ्टने येते, तुमच्या चेनने नाही. फॅब्रिकेटरला विचारा चेन कुठे जोडणार आहे.

पावसाळी_रायडर:
दादांना सांगा १४ चे अलॉयपण मिळतात. फक्त ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत-बाहेर बसते, ते बघून घ्या, चाक बाहेर काढलेलं दिसायला भारी वाटतं पण बेअरिंग खातं, आणि चाळीच्या बोळात वळवताना कळेलच.