मदत हवी आहे: फॉस्टर केअरमधली (प्रतिपालक कुटुंबात राहणारी) मुलगी ८ महिन्यांत १८ पूर्ण करते आहे. आधी काय करावे?

मुलगी १७ वर्षे ४ महिन्यांची, बारावी सायन्स. आधी बालगृहात, गेली ३ वर्षे एका प्रतिपालक कुटुंबात. आई-वडील दोघेही वारले आहेत, पण वडिलांच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही. आधारवर एक आडनाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. अनाथ प्रमाणपत्र नाही. कुटुंब तिला ठेवायला तयार आहे. कुठून सुरुवात करावी? जिल्हा महाराष्ट्रातला.

प्रतिसाद १

वडिलांच्या मृत्यूच्या नोंदीपासून. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि ती असल्याशिवाय अनाथ प्रमाणपत्राची फाइल पुढे सरकत नाही. मृत्यू जिथे झाला त्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून आधी 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला घ्या. मृत्यूला एक वर्षाहून जास्त काळ झाला असेल तर ग्रामसेवक ही नोंद स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांचा आदेश लागतो. दवाखान्याचे कागद नसतील तर गावातल्या माहीतगारांची प्रतिज्ञापत्रे आणि बालकल्याण समितीच्या (मुलांना बालगृहात किंवा कुटुंबात पाठवण्याचा निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) जुन्या आदेशाची प्रत जोडा. समितीने मुलगी दाखल करून घेताना चौकशी केलेली असते, त्यात वडिलांचा उल्लेख बहुधा सापडतो. तो कागद बालगृहाच्या फाइलमध्ये असतो, आजच मागा.

नोंद हातात आली की अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे द्या. प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण मिळते. सीईटीनंतरच्या कागदपडताळणीपर्यंत ते हातात नसेल तर राखीव जागा असूनही मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते, आणि हे दर वर्षी होते.

आडनावाचे म्हणाल तर गुणपत्रिका तशीच राहू द्या, आधार तिच्याप्रमाणे बदला. जन्मतारीखही चुकलेली असेल तर ती नीट तपासूनच द्या, आधारवर तारीख एकदाच बदलता येते. १५ वर्षांनंतरचे बोटांचे ठसे अद्ययावत केले नसतील तर तेही याच फेरीत करून घ्या.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे १८ नंतरच्या मदतीची, व्याख्या 'संस्थात्मक काळजीतून बाहेर पडलेली' व्यक्ती अशी आहे. त्यामुळे कुटुंबातून १८ पूर्ण करणाऱ्या मुलांना टेबलावर 'तुम्ही बसत नाही' असे ऐकावे लागते. ही मुलगी आधी बालगृहात होती, तो दाखल आदेश आणि कुटुंबात पाठवल्याचा आदेश दोन्ही अर्जाला जोडा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत यासाठी महिना ४,००० रुपये आहेत, मदत २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत. तिच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात (तिच्या गरजा आणि पुढची योजना लिहिलेला कागद) 'अनुरक्षणाची गरज' हे शब्द १८ च्या आधीच लिहून घ्या. नंतर अर्ज कुणाकडे करायचा यावरच महिने जातात.

बँकेचे खाते अज्ञानाचे, म्हणजे १८ पेक्षा लहान व्यक्तीचे म्हणून, असेल तर १८ व्या वाढदिवसानंतर नवी केवायसी आणि नवी सही द्यावी लागते. तोवर पैसे काढता येत नाहीत, तेही नेमके फी भरायच्या वेळी.

धागाकर्ता

आभारी आहे. एक राहिले. गेल्या महिन्यापासून ती बॅग भरून पलंगाखाली ठेवते आहे. विचारले की 'काही नाही' म्हणते. अभ्यासही मंदावला आहे.

प्रतिसाद ३

बॅग रिकामी करायला लावू नका. १८ पूर्ण झाले की निघावे लागणार, हे तिने बालगृहात मोठ्या मुलींच्या बाबतीत पाहिलेले असते. प्रतिपालकांनी तिला समोर बसवून ठरावीक गोष्टी सांगाव्यात: खोली तुझीच, निकालानंतरही इथेच, तुझ्यासाठी कुटुंबाला मिळणारे दरमहाचे पैसे बंद झाले तरी इथेच. 'आम्ही आहोत ना' एवढ्याने भागत नाही, तिला तारीख आणि जागा हवी असते. सज्ञान झाल्यावर ती तिथे राहू नये असा कुठलाही नियम नाही, हेही तिला समितीच्या सदस्यांकडून ऐकवा. बालकल्याण समितीच्या पुढच्या बैठकीला तिला सोबत न्या आणि तिच्याबद्दलचा आराखडा तिलाच वाचायला द्या.

तिची कागदांची फाइलही तिच्याच कपाटात असू द्या. झेरॉक्स तुमच्याकडे, मूळ प्रती तिच्याकडे.