खारं पाणी दुपारपर्यंत निवळलं, गोडं तीन दिवस गढूळच. असं का?

धक्क्यावरची:

नमस्कार मंडळी. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या काठावर, चिपळूण आणि दाभोळच्या साधारण मधोमध. मागच्या अंगाला सात पायऱ्यांचा दगडी धक्का आहे. आजोबांच्या वेळी ओहोटीलाही मचवा शेवटच्या पायरीला लागायचा, असं आई सांगते. आता उधाणाच्या ओहोटीला सातही पायऱ्या कोरड्या आणि पुढे गुडघाभर चिखल. मे महिन्यात माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच.

हा गाळ येतो कुठून यावरून आमच्याकडे जेवताना रोज वाद. बाबा म्हणतात डोंगरातून, काका म्हणतात समुद्र आणून टाकतो. शेवटी जुलैत, पाऊस दोन दिवस उघडला तेव्हा मी लिटर-लिटरच्या तीन बाटल्या भरल्या. पहिली चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या पुलाजवळून, वाशिष्ठीचं चहासारखं लाल पाणी. दुसरी आमच्या धक्क्यावरून, भरती भरत आलेली असताना. हे पाणी पहिल्यापेक्षाही गढूळ आणि जिभेला मचूळ. तिसरी गुहागरच्या पुळणीवरून, लाट फुटते तिथे बादली फेकून.

तिसरीतली वाळू मी झाकण लावेपर्यंत तळाला बसली. दुसरी दुपारपर्यंत निवळली, खाली दोन बोटं थलथलीत थर, खरवसासारखा. आणि पहिली? तीन दिवस झाले, अजून लालच! जे जास्त गढूळ होतं ते आधी निवळलं. बाटल्या एकाच खिडकीत, कोणी हलवल्या नाहीत (आईने एकदा पुसायला उचलल्या, पण तिन्ही उचलल्या). माझं काय चुकतंय?

सड्यावरचा:

चुकतंय काही नाही, बाबा बरोबर आहेत. आमच्या सड्याखालचा, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीखालचा, अख्खा उतार जेसीबीने उघडा केलाय. पहिल्या पावसात पऱ्या, म्हणजे ओढे, लालभडक. त्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं. मग गाळ भरणार नाही तर काय? उपसा करा, दुसरा इलाज नाही.

शिशाची दोरी:

ताई, बाटल्यांचा प्रयोग फार आवडला. मी एकोणीस वर्षं खाड्यांची खोली मोजणाऱ्या बोटीवर काढली. सुरुवातीला शिशाचा गोळा आणि दोरी, मग आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा इकोसाउंडर आला. गोळ्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरायची. तळाला जे असेल ते तिला चिकटून वर येई. मशीन खोली अचूक सांगतं, पण खाली वाळू आहे की चिखल हे मला त्या चरबीनेच शिकवलं.

आधी वजनाचा हिशेब. 0.2 मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर पाण्यातून पाऊण मिनिटात तळाला जातो. 0.002 मिलिमीटरच्या मातीच्या कणाला तेवढ्याच मीटरला तीन दिवस लागतात, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. तुमच्या पहिल्या बाटलीतला लाल रंग म्हणजे जांभ्याची झिजलेली माती, त्यातले कण याहूनही बारीक असतात. त्यामुळे तीन दिवसांत ते निवळलं नाही यात नवल नाही. दुसरी बाटली निवळली, याचं नवल आहे.

मातीचे हे कण गोल नसतात, पापुद्र्यासारखे चपटे असतात आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच, म्हणून एकमेकांना दूर लोटतात आणि गोड्या पाण्यात एकेकटे तरंगत राहतात. पाण्यात मीठ आलं की मिठातले धनभारित कण मध्ये शिरून तो दुरावा मोडतात. मग पापुद्रे एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि पुंजका एकट्या कणापेक्षा कितीतरी भरभर खाली जातो. पावसाळ्यात आपल्या आया हंड्यात तुरटी फिरवायच्या, तोच हा प्रकार. तिथे तुरटीतलं ॲल्युमिनियम जे करतं ते इथे मीठ करतं, फक्त तुरटी त्याच कामाला बरीच कमी पुरते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. माती चिकटायला त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ. पाणी जितकं गढूळ तितकी कणांची टक्कर जास्त, म्हणून तुमची गढूळ बाटली आधी निवळली. दोन बोटं थर थलथलीत आहे, कारण पुंजक्यांच्या पोटात पाणीच जास्त असतं. तुमची चप्पल गिळली ती याच मालाने.

पहिल्या बाटलीत सपाट चमचाभर मीठ घाला, हलवा, संध्याकाळी कळवा.

आता बाबा-काकांचा वाद. माती डोंगरातलीच, त्यात शंका नको. सह्याद्रीच्या धारेपासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांत. नदीला दम घ्यायला जागाच नाही. गोटे चिपळूणपर्यंतच टाकते, भरड वाळू थोडी पुढे आणि बारीक माती पाण्याबरोबर खाली. पण धक्क्यापाशी ती आणून ठेवतो समुद्र. खारं पाणी जड, म्हणून ते गोड्या पाण्याच्या खालून, तळालगत आत सरकतं. वरचं पाणी समुद्राकडे चाललेलं आणि तळाचं चिपळूणकडे! पूर आला की हा सगळा पसारा मुखाकडे ढकलला जातो, नंतर पुन्हा वर चढतो. वरून आलेली माती खारं लागताच पुंजके होऊन खाली बसते आणि तळाचं पाणी तिला पुन्हा आत ढकलतं. त्यात भरती आत येते जोरात आणि थोड्या वेळात, ओहोटी निघते सावकाश. भरलेल्या खाडीत पाणी घटकाभर उभं राहतं तेव्हा गाळ बसतो, आणि एकदा बसलेला चिकट चिखल उचलायला जो जोर लागतो तो सावकाश ओहोटीत नसतो.

अवजलाबद्दल: ते पाणी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, आणि पुढे कोळकेवाडीच्या धरणात साठून येतं. थांबलेल्या पाण्यात जड गाळ तिथेच बसतो. तेव्हा गाळाचा दोष त्याला देऊ नये. मात्र त्यामुळे वाशिष्ठी मे महिन्यातही वाहती राहते, म्हणजे गोडं-खारं भेटण्याची जागा तुमच्या आजोबांच्या वेळी होती तिथे उन्हाळ्यात आता नसणार. तुमचा धक्का नेमका त्या पट्ट्यात आलाय का, हे मला बघायला आवडेल.

डोलवाला:

वाद काय तो तुमचा चिखलाचा. आमच्याकडं मुखाशी वाळू. पावसाळ्यात लाटा पुळण खातात, वाळू समोर पाण्याखाली नेऊन तिचा दांडा करतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की लाट मंद होते, तीच वाळू हळूहळू परत पुळणीवर. दांडा दरवर्षी जागा बदलतो, म्हणून पहिल्या फेरीला नाखवा जुन्या खुणेवर भरवसा ठेवत नाय, बांबू टाकून बघतो. आंजर्ल्याकडच्या पोरांना विचारा, भरती बघितल्याशिवाय बोट काढत नाहीत. चिखल मात्र मुखाशी टिकत नाय, लाट बसू देत नाय त्याला.

शिशाची दोरी:

डोलवाले, शंभर टक्के. चरबीवर मुखाशी वाळू-शिंपले यायचे आणि आत दोन-तीन मैल गेलं की चरबी काळी. ताई, गुहागरच्या बाटलीतली वाळू वाळवून लोहचुंबक फिरवा. काळे कण चिकटले तर ते बसाल्टमधलं, म्हणजे आपल्या काळ्या कातळातलं, मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज. साध्या वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणून लाट परतताना ते मागे राहतात आणि पुळणीवर काळ्या रेघा दिसतात. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडकडे अशाच जड काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज भरपूर आहे.

धक्क्यावरची:

मीठ घातलं! सकाळी साडेदहाला. अर्ध्या तासात पाण्यात ढगाळ ठिपके दिसायला लागले, तीन वाजता वरची चार बोटं स्वच्छ, रात्री जेवणापर्यंत आरपार दिसायला लागलं. बाबांनी बाटली उजेडाला धरून बघितली आणि काही बोलले नाहीत. काका मात्र बोलले. फ्रिजवरच्या गणपतीच्या मॅग्नेटला काळी मिशी आली, तीही दाखवली.

आता खरा प्रश्न. वाडीतले लोक वर्गणी काढून धक्क्यासमोर पोकलेनने खड्डा काढू म्हणताहेत. 2021च्या चिपळूणच्या पुरानंतर नदीतला गाळ काढलाच ना, मग खाडीतला का नको, असं त्यांचं म्हणणं. काढावा का?

सड्यावरचा:

काढाच. आणि त्याआधी वरच्या उताराला बांध घाला. मीठबीठ सगळं खरं, पण माती सुटलीच नाही तर चिकटणार काय?

शिशाची दोरी:

बांधाचं बोलणं रास्त आहे, त्यावर माझा वाद नाही.

खड्ड्याचं मात्र तसं नाही. चिपळूणला नदीत उपसलं ते मुख्यतः गोटे आणि वाळू. ते पुन्हा यायला मोठे पूर लागतात. तुमच्याकडे गाळ दिवसातून दोनदा दारात येतो. पायऱ्यांसमोर खड्डा केलात की तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा शांत होणार, आणि शांत पाण्यात काय होतं ते तुमच्या खिडकीत तुम्ही बघितलंच आहे. एका बंदरात आम्ही मार्चमध्ये खोली मोजून गेलो, पुढच्या डिसेंबरात जवळजवळ जुनाच आकडा आला. ठेकेदाराने आमच्या दोरीवर संशय घेतला, म्हणून दुसऱ्या दोरीने पुन्हा मोजलं.

पैसे घालायचेच असतील तर ओहोटीचा मूळ प्रवाह आता कुठल्या काठाने जातो ते आधी बघा. ओहोटीला होडीतून चार ठिकाणी बांबू टाकून खोली लिहून काढा, महिन्यातून एकदा, वर्षभर. प्रवाह पलीकडच्या काठाला गेला असेल तर लाकडी फळ्यांचा लांब धक्का काढून तिथपर्यंत पोचणं खड्ड्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि उपसलेला चिखल टाकणार कुठे, तेही वाडीला विचारा. आमच्याकडे एकदा तिवरांच्या आड टाकला होता, दुसऱ्या उधाणाला परत पाण्यात.

धक्क्यावरची:

पलीकडेच गेलाय. काकांची होडी हल्ली पलीकडेच लागते, मला वाटायचं त्यांचं बाबांशी पटत नाही म्हणून. रविवारी बांबू घेऊन जाते.